पावसातील शिकार आणि ठासणीची बंदूक
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या कपाळावर आठ्या चढल्या असतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला मनाई झाली आणि ती योग्यच आहे, असे आमचे मत आहे. शिकारीची दीक्षा देण्यास आम्ही उभे नाही. परंतु 'बार फुसका निघाला' असे आपण महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहूनही म्हणतो. तो फुसका का निघे, हे मुलांना सांगणारे आता फारसे उरलेले नाहीत.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरावयाची. आधी दारू, मग चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि वरून गजाने ठासणे. नळीच्या बुडाशी बारीक छिद्र, म्हणजे कान. त्याबाहेरच्या पेल्यात चिमूटभर रंजक. चकमकीची ठिणगी रंजकावर पडे आणि ती आग कानातून आत जाई. पाऊस घात करी तो या उघड्या रंजकावर.

दारूच्या १०० भागांत ७५ भाग सोरा, १५ कोळसा व १० गंधक. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी ओढत नाही. त्यात राहिलेले मीठ व चुन्याचे क्षार ती ओढतात. म्हणजे सोरा शुद्ध करणाऱ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. दारू एकदा भिजली की सोरा विरघळून वेगळा होतो, आणि ती वाळवली तरी पूर्वीचे बळ येत नाही.

शिकाऱ्यापाशी बार एकच असे. तो नीट न पेटल्यास जनावर जखमी होऊन झाडीत शिरे, नाहीतर अंगावर येई. म्हणून चापाच्या कळेवर तेलकट कातडे बांधावे, कान मेणाने बुजवावा, नळीचे तोंड खाली ठेवून चालावे, आणि सावज दिसल्यावरच ताजी रंजक घालावी. एक बार उडाला की नळीत उरलेली काजळी हवेतील ओल पिऊन चिखलासारखी होई आणि दुसरी गोळी आत जाता जात नसे. ओल्या दारूचा आणखी एक दगा म्हणजे चाप ओढल्यावर काहीच होत नसे आणि क्षणभराने बार उडे. तेवढ्यात उतावळ्या शिकाऱ्याने नळी सोबत्याकडे वळवली, तर काय होई हे सांगावयास नको. जाणता शिकारी नळी तशीच रोखून मनात अंक मोजी.

यावर उपाय काढला तोही एका शिकाऱ्याने. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फॉरसाइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. रंजकाची झळक दिसताच पक्षी उडून जात. त्यांनी आघाताने पेटणारे रसायन वापरून १८०७ साली पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि उघडी रंजक गेली. १८३४ मध्ये वुलिच येथे सर्व हवामानांत चाचणी झाली, तेव्हा चकमकीच्या बंदुका हजारांत सुमारे १५३ वेळा फसल्या, टोपीच्या अवघ्या ६ वेळा.

तरीही सर्वांना ती बंदूक मिळाली नाही. मे १८४१ मध्ये चीनमधील कँटनजवळ, अफूच्या युद्धात, सदतिसाव्या मद्रास पलटणीचे सुमारे ६० शिपाई मुसळधार पावसात वेढले गेले. त्यांच्या बंदुका चकमकीच्या. एकही धड उडेना. संगिनींच्या बळावर ते उभे राहिले. अखेर टोपीच्या बंदुका घेतलेले गोरे सैनिक येऊन पोहोचले, तेव्हा सुटका झाली. परक्याच्या अफूसाठी परमुलखात भिजणाऱ्या त्या शिपायांची आठवण आम्हांला प्लासीच्या भिजलेल्या तोफांपेक्षा अधिक बोचते. प्लासीची गोष्ट मात्र सर्वांना पाठ!

आता एक व्यवहाराची गोष्ट. गावाकडच्या वाड्यात आजोबांची अशी बंदूक असल्यास तिच्याशी खेळू नये. न उडालेला बार कित्येकदा तसाच राहून बंदूक खुंटीला टांगली जाई, आणि आतली दारू सुकी असल्यास शंभर वर्षांनीही पेट घेते. गज नळीत अलगद सोडून तोंडाशी खूण करावी, आणि तोच गज बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक कानापर्यंत पोहोचले नाही, तर आत बार आहे असेच समजावे आणि बंदूक जाणत्या कारागिराच्या हाती द्यावी. परवान्याचे कागदही त्याच वेळी पाहून घ्यावेत. हे आमच्यातला सरकारी नोकर बोलतो आहे.