वाईस उतरून पाहावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात स्वारगेट येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ‘प्रवास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला, परंतु पाहिला तो बहुतेक नकाशावरच. तेव्हा प्रवासावर बोलण्याचा आमचा अधिकार बेताचाच. तरीही हा विषय आम्ही आनंदाने स्वीकारला. त्याचे कारण असे की, अलीकडे आपल्या घराघरांतून प्रवासाविषयी जे बोलणे कानी येते, त्यात एक सूक्ष्म दुःख दडलेले आम्हांस दिसते, आणि त्यावर उपाय आपल्या हातचा आहे.

आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज दूरदूरच्या देशांत नोकरीस आहेत. कोणी अमेरिकेत, कोणी जर्मनीत, कोणी कॅनडाच्या पश्चिम भागातील कॅलगरी या नगरात. तेथून छायाचित्रे येतात, आमंत्रणे येतात. ज्यांना जाणे शक्य आहे ते आईबाप जातात आणि परत येऊन रॉकी पर्वताचे वर्णन करतात. ज्यांची मुले येथेच आहेत, किंवा ज्यांना तिकिटाचा खर्च झेपत नाही, ती मंडळी ते मुकाट्याने ऐकतात. आणि परदेशी जन्मलेली नातवंडे जेव्हा चार आठवड्यांसाठी पुण्यास येतात, तेव्हा आजोबा-आजींना प्रश्न पडतो की, एवढे पर्वत पाहिलेल्या या मुलांना आपण दाखवावे तरी काय? त्यांना दुकाने दाखविली जातात, उपाहारगृहे दाखविली जातात, आणि मुले जशी आली तशी परत जातात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कॅलगरीस जाण्याची जी कारणे सांगितली जातात, ती खरी आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक कारण या स्वारगेटच्या स्थानकावरून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या वाई या गावासही लागू पडते. शिवाय वाईपाशी असे काही आहे, की जे कॅलगरीस मिळणार नाही.

प्रथम कॅलगरीचा मान कॅलगरीस देऊ. बो आणि एल्बो या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे नगर. तेथे ब्लॅकफुट आदी मूळ रहिवाशांचा वावर फार प्राचीन काळापासून होता. १८७५ साली घोडेस्वार पोलिसांनी तेथे ठाणे बांधले आणि त्याभोवती आजचे शहर वाढले. १९८८ साली हिवाळी ऑलिंपिक सामने तेथे भरले होते. तेथून पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर बॅन्फ हे पर्वतातील गाव आहे. त्या परिसरातील उष्ण झऱ्यांभोवतीची जमीन कॅनडा सरकारने १८८५ साली राखून ठेवली. त्यातूनच त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. बहुतेक प्रवासी विमानातून कॅलगरीस उतरतात आणि शहराकडे पाठ करून थेट बॅन्फची वाट धरतात.

श्रोतेहो, वाईचे भाग्य याहून निराळे आहे काय? आपण स्वारगेटला महाबळेश्वरच्या गाडीत बसतो. कात्रज मागे पडते. शिरवळपाशी नीरा ओलांडून आपण सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. खंबाटकीचा घाट चढतो, उतरतो. सुरूरच्या फाट्यावरून गाडी उजवीकडे वळते आणि वाईच्या स्थानकात येऊन थांबते. कोणी चहा घेतो, कोणी पाय मोकळे करतो. दहा मिनिटांत वाहक घंटा देतो आणि गाडी पसरणीच्या घाटास लागते. पर्वत पाहावयाच्या घाईत पर्वताच्या पायथ्याचे गाव पाहावयाचे राहून जाते.

आता कारणे सांगतो. पहिले कारण पर्वत हेच. पुष्कळांची समजूत अशी की, पर्वत परदेशातले, आपल्याकडे केवळ डोंगर. परंतु आकडे पाहा. बॅन्फ हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंचीवर आहे, आणि आपले महाबळेश्वरही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. खुद्द कॅलगरीपेक्षा महाबळेश्वर सुमारे १,००० फूट उंच आहे. बॅन्फभोवतीची शिखरे त्याहून पुष्कळ उंच जातात आणि त्यांवर बर्फ असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सह्याद्रीची घडणही कमी नवलाची नाही. रॉकी पर्वताचा तो भाग मुख्यतः प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या थरांचा आहे. ते थर पुढे दाबाने वर उचलले गेले. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुनःपुन्हा उसळलेल्या तप्त लाव्ह्याच्या थरांनी बनला. पसरणीच्या घाटात डाव्या-उजव्या कड्यांकडे पाहिले, तर एकावर एक रचलेल्या या पायऱ्या मुलांनाही ओळखता येतात. पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड असे किल्ले वाईच्या आसपास आहेत. ज्यांचे गुडघे आमच्यासारखे झाले आहेत त्यांनी ते खालून पाहावेत. तरुणांनी चढून पाहावेत.

दुसरे कारण नदी. कॅलगरीची बो नदी हिमनदीच्या पाण्यातून उगम पावून, नगराच्या मध्यातून वाहत, इतर नद्यांना मिळत अखेर हडसनच्या उपसागरास जाते. आपली कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र उणापुरा ६५ किलोमीटर. परंतु ती त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश यांतून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. त्या प्रवासात तिच्या काठी लागणारे पहिले मोठे गाव ते वाई. पुढे जी नदी एवढी विशाल होते, ती येथे दगडी घाटांच्या पायऱ्यांना बिलगून वाहते. या घाटांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कृष्णाबाईचा उत्सव होतो. प्रत्येक घाटाचा उत्सव निराळा आणि त्याची पाळीही निराळी. नदीला ‘बाई’ म्हणून घरच्या वडीलधारीसारखे पूजणारे गाव आपल्या नातवंडांनी एकदा तरी पाहावे असे आम्हांस वाटते.

तिसरे कारण इतिहास आणि वास्तू. १६५९ साली अफझलखानाची छावणी याच परिसरात पडली होती, आणि येथूनच तो पुढे प्रतापगडाच्या पायथ्याशी गेला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी तेथे काय घडले, हे आपल्या मुलांना सांगावयास नको. मात्र खानाचा मार्ग कोणता होता हे वाईस उभे राहून दाखविले, म्हणजे धड्यातील वाक्य एकदम जिवंत होते. पेशवाईत रास्ते घराण्याने हे गाव सजविले. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधविले आणि गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली गणपतीचे. त्या विशाल मूर्तीस लोक प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतात. दर्शन घेऊन माघारी न वळता मंदिराच्या मागील बाजूस अवश्य जावे. तेथील भिंत माशाच्या आकाराप्रमाणे निमुळती केलेली आहे. पुराचा लोट अंगावर आला म्हणजे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यातील योजना. कॅलगरीचे ठाणे बांधले गेले तेव्हा या भिंतीने ११३ पावसाळे पाहिले होते. परदेशी अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या नातवास ही भिंत दाखवावी. आजोबांच्या देशातही गणित होते हे त्यास व्याख्यानाविना कळेल.

वाईपासून तीनएक किलोमीटरवर मेणवली आहे. तेथे नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरील अर्धचंद्राकृती घाट आहे. घाटावरील देवळापाशी एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. ती मूळची वसईकडील पोर्तुगीज चर्चची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर अशा घंटा देशावर आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांत पोहोचल्या. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ या २००४ च्या हिंदी बोलपटाचे चित्रीकरण याच मेणवलीत झाले होते. अमेरिकेत नोकरी करणारा एक तरुण आपल्या लहानपणी सांभाळलेल्या बाईंच्या शोधात गावी येतो, अशी त्याची कथा. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांची कथा तिच्याजवळून जाते, हे वेगळे सांगावयास नको.

चौथे कारण एका जुन्या शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोठे. पर्वताच्या पायथ्याच्या या लहान गावाने विद्येचा असा संसार थाटला, की मोठ्या नगरांनी हेवा करावा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील आयुष्यातील केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालविली. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा भावे त्यांच्यापाशी अध्ययनास राहिले होते. याच पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. साहित्य अकादमीने १९५५ साली मराठीसाठी पहिला पुरस्कार दिला तो त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास. आणि मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य त्यांनी हाती घेतले ते वाईतच बसून. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. आता तो संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतो. कॅलगरीतील नातीला मराठीतून एखादी माहिती हवी असेल, तर ती पडद्यावर जे वाचील त्याचे मूळ कृष्णाकाठच्या या गावात आहे. गावाजवळच्याच पसरणीस १९२३ साली शाहीर साबळे जन्मले; ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत त्यांच्या आवाजाने घरोघर पोहोचविले, आणि २०२३ साली ते राज्यगीत झाले. थोडे वर, पाचगणीजवळ भिलार आहे. तेथे २०१७ सालापासून घरे, देवळे, शाळा यांतून पुस्तके मांडून ‘पुस्तकांचे गाव’ उभे केले आहे. एका दिवसात मुलांना एवढे मराठी अन्यत्र कोठे भेटणार?

पाचवे कारण व्यवहाराचे. कॅलगरीची तयारी वर्षभर करावी लागते. वाईस सकाळी निघून रात्री घरी परतता येते. २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे, त्यामुळे शहराच्या इतर भागांतील मंडळींनाही येथे येणे सोपे झाले. राज्य परिवहनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस विनामूल्य प्रवास दिला, आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांस अर्धे तिकीट केले. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांस अर्ध्या तिकिटाची सवलत आहेच. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवावा.

ऋतूविषयी दोन शब्द. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तीसएक किलोमीटरवरील वाईस त्याचा लहानसा अंशच लाभतो, कारण ती पर्वताच्या आडोशास आहे. कॅलगरीही अशीच रॉकी पर्वताच्या आडोशास आहे. नातवंडे नाताळच्या सुटीत आली तर उत्तमच; हवा कोरडी आणि सुखद असते. जुलै-ऑगस्टात आली तर घाटात धुके आणि धबधबे दिसतील. मात्र नदीस पूर असता घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत आणि मुलांचा हात सोडू नये.

वाईत सारेच रमणीय आहे असेही आम्ही म्हणत नाही. सुटीच्या दिवशी वाहनांची गर्दी असते, आणि घाटांवर आपणच टाकलेला कचराही दिसतो. बॅन्फहून परत येणारी आपली मंडळी तेथील स्वच्छतेची स्तुती करतात. ती स्तुती वाईच्या घाटावर कृतीत उतरवावी. आपली पत्रावळ आणि बाटली आपल्या पिशवीतून परत आणावी. परदेशाकडून घेण्यासारखे जे आहे ते असे घ्यावे.

आता आरंभी म्हटलेल्या दुःखाकडे वळतो. कोणाची मुले कोठे आहेत, कोणी किती देश पाहिले, यावरून आपल्या संमेलनात नकळत दोन पंक्ती पडू लागल्या आहेत. ज्ञातिसंस्था स्थापन झाल्या त्या पंक्ती मोडण्यासाठी, मांडण्यासाठी नव्हेत. कॅलगरीस ज्यांना जाता येईल त्यांनी अवश्य जावे, आणि आल्यावर आम्हांस दोन गोष्टी सांगाव्यात. परंतु वाईच्या गाडीत सर्वांना जागा आहे; परदेशी मुलांच्या आईबापांना, आणि ज्यांची मुले येथेच दुकान अथवा कारखाना सांभाळतात त्यांनाही. नातवंडांना पर्वत तेथेही दिसतात. पर्वताखाली आपली भाषा बोलणारे, आपली नदी पूजणारे आणि आपल्याच ज्ञानाचा कोश रचणारे गाव मात्र त्यांना येथेच दिसेल.

यास्तव आमची मंडळास विनंती अशी की, येत्या डिसेंबरात, परदेशची मुले घरी आलेली असताना, मंडळाची सहल काढावी. वर्गणी प्रत्येक घरास परवडेल एवढीच ठेवावी. आणि त्या दिवशी महाबळेश्वरचा मोह टाळून सर्वांनी वाईसच उतरावे. गावाची माहिती सांगण्याचे काम आमच्याकडे द्यावे. ते आम्ही आनंदाने करू.