पक्षाघातानंतर हरवणारं लक्ष



पक्षाघातानंतर माणूस पुन्हा चालू-बोलू लागला, की घरच्यांना हायसं वाटतं. पण काहींची जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. लालबागचा रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी बस ध्यानातच येत नाही. डोळे शाबूत असतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यानं डावीकडे लक्ष जात नाही. काहींचं मन कुठल्याच कामात टिकत नाही. हा हट्ट नाही, आळस नाही. आजाराचाच भाग आहे.

यावर शस्त्रक्रियेविना मेंदूला चालना देण्याच्या दोन पद्धतींचा अभ्यास सुरू आहे. एकीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह साधारण २० मिनिटं सोडतात. दुसरीत कॉइलमधून चुंबकीय स्पंदनं देतात; हे तंत्र १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला विकसित झालं. काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला, पण ठाम पुरावा अजून नाही. पेसमेकर असेल, डोक्यात धातू असेल किंवा फिट येत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी स्वतःच प्रयोग करू नका.

मुख्य आधार सरावाचाच. तो करून घेतात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ. या थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. पानाच्या डाव्या कडेला रंगीत पट्टी लावून नजर तिथवर नेणं, एका वेळी एकच काम करणं, असा सराव हे थेरपिस्ट करून घेतात.

म्हणून रुग्णाला घरी नेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: हातापायांसोबत लक्षाचीही तपासणी झाली का?