सीट कव्हरचं मशीन घेण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकाने केलेल्या मांडणीचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर तीन गटांचे कर्जाचे प्रस्ताव आहेत. तिन्ही प्रस्तावांत एकच ओळ लिहिली आहे : "गाड्यांच्या सीट कव्हरचे मशीन." काही गावांत माहितीपत्रकं वाटली गेली आहेत, ती मीही पाहिली. "मशीन घ्या, माल आम्ही उचलतो" असं त्यात लिहिलं आहे. मी या कामाच्या विरोधात नाही. शिवणकाम येणाऱ्या बाईला यात चांगलं काम मिळू शकतं. पण "सीट कव्हरचं मशीन" या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. आपण कोणत्या गोष्टीसाठी कर्ज काढतोय ते कळलं, की मगच अंगठा किंवा सही.

आधी सीट कशी तयार होते ते बघू. आत लोखंडी सांगाडा असतो. त्यावर साच्यात ओतून फुगवलेला फोम बसतो. त्याच्यावर कापडाचं, रेक्झिनचं किंवा चामड्याचं कव्हर. या कव्हरचे तुकडे कापायचे, ते शिवायचे आणि मग शिवलेलं कव्हर फोमवर चढवायचं, अशी ही तीन वेगळी कामं आहेत.

चढवायचं काम कसं असतं, ते सांगते. तुम्ही उशीला अभ्रा घालता. अभ्रा थोडा तंग शिवला असेल तर काय होतं? एक कोपरा बसवला की दुसरा निघतो. सीटचं कव्हर त्याहून कितीतरी तंग असतं, कारण त्यावर एकही सुरकुती चालत नाही. फोममध्ये खोल खाचा असतात आणि त्या खाचांत तार असते. कव्हरच्या उलट्या बाजूला शिवलेल्या पट्टीतही तार किंवा काडी असते. या दोन्ही तारा लोखंडी रिंगने एकत्र आवळतात. कव्हरच्या कडेला प्लास्टिकच्या आकड्याची पट्टी शिवलेली असते, ती खालच्या सांगाड्यात अडकवतात. हे सगळं हाताने आणि पकडीने केलं, तर दिवसभर अंगठा, मनगट आणि खांदा यांवर ताण येतो. तेच काम रोज शेकडो वेळा केलं की हात दुखणं ठरलेलंच.

म्हणून मोठ्या कारखान्यांत चढवायची मशीन आली. हे मशीन सीट कंबरेइतक्या उंचीवर धरून ठेवतं आणि हवी तशी फिरवतं. हवेच्या दाबाने फोम दाबून धरतं, म्हणजे कव्हर सैल वाटतं आणि सहज खाली ओढता येतं. दाब सोडला की फोम फुगतो आणि कव्हर ताणून बसतं. काही ठिकाणी फोमवर आधी पातळ प्लास्टिक घालतात, म्हणजे कव्हर घसरून बसतं. रिंग मारायला हवेवर चालणारी पिस्तुलासारखी अवजारं असतात. शेवटी वाफ देऊन बारीक सुरकुत्या काढतात, आपण साडीला इस्त्री करतो तशीच.

आता सांगा, हे मशीन आपल्या गावात काय करणार? सांगाडा, फोम आणि कव्हर तिन्ही एका छताखाली असतील तिथेच ते चालतं, म्हणजे सीटच्या कारखान्यात. त्याला हवेचा कॉम्प्रेसर लागतो आणि प्रत्येक सीटच्या आकाराप्रमाणे बसवलेली बैठक लागते. गाडीचं मॉडेल बदललं की बैठक बदलते. चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी ते ठीक आहे. गटाच्या खोलीत मात्र ते धूळ खात पडेल. माहितीपत्रकात कॉम्प्रेसर आणि दाब देणारी बैठक दाखवली असेल, तर ते मशीन आपल्यासाठी नाही. एवढं आजच पक्कं करू.

मग आपल्यासाठी काय आहे? शिवण. कापड कापायला संगणकावर चालणारी यंत्रं आली, चढवायला आली, पण शिवायला अजून माणसाचा हात लागतो. कापड मऊ आणि लुळं असतं. दोन वळणदार तुकडे खाच ला खाच जुळवून सरकवत न्यायला बोटांना जे कळतं, ते यंत्राला शिकवणं अवघड जातं. त्यामुळे आपलं कसब इथे उपयोगी आहे.

पण घरचं पायमशीन यासाठी चालणार नाही. रेक्झिन, त्याला चिकटलेला फोम आणि वर जोडाची घडी एवढं जाड काम त्यावर ओढलं जात नाही. त्याला जाड कामाचं औद्योगिक मशीन लागतं. त्याचा पाय सुईबरोबर चालतो आणि वरचा-खालचा थर एकदम पुढे सरकवतो. त्याला "वॉकिंग फूट" म्हणतात. दुकानात हाच शब्द वापरा. सोबत सर्वो मोटर मागा. ती पाय दाबला तेव्हाच चालते, त्यामुळे वीज कमी लागते आणि वेग हवा तेवढा ठेवता येतो. धागाही जाड नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा लागतो, साधी रीळ तुटते.

रेक्झिनची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लाऊज चुकला तर उसवून पुन्हा शिवता येतो. रेक्झिनला भोक पडलं की पडलं. म्हणून खराब निघालेल्या नगाचे पैसे कोण भरणार हे आधी लिहून घ्या. सुरुवातीला कामात जास्तीत जास्त भांडणं इथेच होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, एअरबॅग असते. तिथे छोटी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर एअरबॅग असं लिहिलेलं असतं. बाजूने धडक बसली, तर पापणी लवायच्या आत ती पिशवी सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि बसलेल्या माणसाच्या छातीला वाचवते. कंपनीत ती शिवण वेगळ्या धाग्याने, ठरलेल्या टाक्यांनी, मुद्दाम फाटेल अशी घालतात. कोणत्या सीटला ती कशी घातली, याची नोंदही ठेवतात.

आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? शिवण मजबूत पाहिजे. आणि तेच बरोबर आहे, फक्त या एका जागी नाही. या बाजूने आपण वरून घट्ट कव्हर घातलं, तर पिशवी आत अडकू शकते. म्हणून अशा गाडीच्या कव्हरला ती बाजू पूर्ण उघडी ठेवलेली पाहिजे किंवा तपासणी झालेलं खास डिझाइन पाहिजे. ज्याच्याकडून काम येईल त्याला हा प्रश्न विचारा. तो "काही होत नाही हो ताई" म्हणाला, तर ते काम घेऊ नका. आपल्या हातचा टाका कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर येता कामा नये.

एअरबॅगची भीती नसलेलं कामही भरपूर आहे. ट्रॅक्टरच्या सीट, मोटरसायकलच्या सीट, रिक्षा, टमटम, जुन्या जीपगाड्या. ही कामं तालुक्याच्या गावातले कुशनवाले करतात आणि कव्हर हातानेच चढवतात. त्यांना सुगीनंतर आणि दिवाळीच्या आधी शिवायला माणसं कमी पडतात का, हे जाऊन विचारा. माहितीपत्रकवाल्याच्या आधी त्यांना भेटा.

आता हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मशीन ४०,००० रुपयांचं, कर्ज २४ महिन्यांचं, व्याज वर्षाला १२ टक्के. हप्ता साधारण १,९०० रुपये बसेल. समजा एका सेटची मजुरी १५० रुपये मिळाली आणि धागा, सुई, वीज यांत २० रुपये गेले. हातात राहिले १३०. म्हणजे महिन्याचे पहिले १५ सेट फक्त हप्त्यासाठी. दिवसाला एक सेट होत असेल, तर अर्धा महिना बँकेचा आणि उरलेला तुमचा. ज्या महिन्यात ऑर्डरच आली नाही, त्या महिन्यातही हप्ता येणारच. तो कोण भरणार, हे गटात आधी ठरवा.

म्हणून माझी विनंती आहे की तिन्ही गटांनी पुढच्या बैठकीला चार कागद आणावेत.

एक, मशीनचं कोटेशन, त्यात मशीनचा प्रकार आणि दुरुस्तीला येणारा माणूस कुठला ते लिहिलेलं. दोन, काम देणाऱ्याचं लेखी पत्र : दर किती, महिन्याला किती नग, कच्चा माल कोणाचा, खराब नगाचं काय, पैसे किती दिवसांत. "माल उचलतो" हे तोंडी वाक्य म्हणजे ऑर्डर नाही. तीन, प्रशिक्षणाचा कागद. जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये प्रशिक्षण मोफत असतं. जाड कामाचं मशीन तिथे शिकवतात का, ते विचारून या. चार, जिच्या नावावर काम होणार तिची उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका.

ही नोंदणी कशासाठी? २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर व्याज लागतं. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्यासमोर हा कागद ठेवता येतो.

चारही कागद आले, तर मी स्वतः तिन्ही प्रस्तावांची शिफारस करीन. दोनच आले, तर एका गटाने एकच मशीन घेऊन सहा महिने कुशनवाल्यांचं काम करून बघावं आणि त्याचा जमाखर्च बाकीच्यांना दाखवावा. एकही आला नाही, तर पैसा गटातच राहू दे. तो तुमच्याच बचतीचा आहे.

आधी काम, मग मशीन. प्रश्न असतील तर आत्ताच विचारा, लाजू नका.