जून दरवर्षी जूनमध्येच येतो

घरखर्चाचा हिशेब म्हटला की आपल्याला वही आठवते. एक तारखेला मोठ्या उत्साहानं सुरू झालेली. दूध, भाजी, इस्त्री, रिक्षा, सगळं टिपलेलं. दहा-बारा तारखेला वही थांबते आणि मनाला टोचणी लागते ती लागतेच. माझं ऐकाल, तर वही थांबली म्हणून खंत करू नका. कोथिंबिरीची जुडी लिहून ठेवल्यानं कुणाचं घर सावरलेलं नाही.

मध्यमवर्गीय घराचं गणित बिघडतं ते बहुधा जूनमध्ये. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. ज्या घरांत अजून वर्षाचं धान्य नि तिखट भरतात, तिथं मे महिन्यातच हात रिकामा झालेला असतो. पुढं गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता, घरपट्टी. आपण म्हणतो, "अचानक खर्च निघाला." अहो, अचानक येतं ते आजारपण. जून दरवर्षी जूनमध्येच येतो! पण तो क्रेडिट कार्डावर ढकलला आणि दरमहा फक्त किमान रक्कम भरत राहिलं, तर उरलेल्या बाकीवर बऱ्याच कार्डांवर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्के. पुढचा जून उजाडतो, तरी मागच्या जूनची बाकी शिल्लकच.

म्हणून एकदाच, तासभर बसून, वर्षाच्या खर्चांची यादी करा. समजा, फी ३०,०००, विमा १८,०००, सणवार २४,०००, गाडीचा विमा-दुरुस्ती ६,०००, घरपट्टी ६,०००. बेरीज ८४,०००. बारानं भागा, ७,०००. पगार झाला की हे सात हजार वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. बँकेला एकदा सूचना देऊन ठेवली की ते आपोआप जातात. पहिल्या वर्षी थोडं ओढाताणीचं होतं, कारण खातं भरायच्या आधीच एखादा खर्च दारात उभा राहतो. दिवाळी बेतानं करावी लागते.

आता ४०,००० पगारातून हे ७,००० आणि घराचा हप्ता, वीज, शाळेची बस असे ठरलेले १७,००० वजा केले, की उरतात १६,०००. आठवड्याला ३,६००, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांना १,६००. लक्ष ठेवायचं ते एवढ्याच आकड्यावर.

पूर्वी पाकिटातल्या नोटा कमी होताना दिसायच्या. २०१६ साली यूपीआय आलं, तेव्हापासून चहासुद्धा मोबाइलवर; पैसा जाताना हाताला कळत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. दर सोमवारी आठवड्याची रक्कम दुसऱ्या एका खात्यात टाका आणि मोबाइलला तेवढंच खातं जोडा. नवरा-बायको दोघांनाही शिल्लक दिसू द्या. "पैसे गेले कुठं?" या प्रश्नावरून घरात जी भांडणं होतात, त्यांत निम्मा राग शिल्लक ठाऊक नसल्याचा असतो, असं मला वाटतं.

रिक्षाचालक, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, छोटे दुकानदार विचारतील, आमचा पगार कुठं ठरलेला आहे? त्यांनी मागच्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी मिळकतीचा महिना धरावा आणि तोच आपला पगार समजावा. एखाद्या महिन्यात त्याहून जास्त आलं, तर ते आधी वर्षाच्या खात्यात टाकावं.