इंग्रजी आणि स्पॅनिश फुटबॉल : दोन घराणीं

फुटबॉलच्या शौकिनांत एक समज बराच काळ चालत आला आहे. इंग्लंडचा खेळ रांगडा, वेगवान आणि आडदांड. स्पेनचा खेळ मोजका, नाजूक आणि धूर्त. या भेदाचें कारणहि पुष्कळांच्या तोंडीं तयार असतें : ज्याचें जसें रक्त, तसा त्याचा खेळ. यांतील पहिलें विधान पुष्कळ वर्षें बरेंचसें खरें होतें. दुसरें मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं.

प्रथम भेद काय तो पाहावा. जुन्या इंग्रजी पद्धतींत मागच्या फळींतील गडी चेंडू उंच आणि लांब टोलवी. मैदानाच्या कडेनें धांवणारा गडी तो गोलासमोर उडवी, आणि मधला धिप्पाड गडी डोक्यानें आंत घाली. चेंडू गमावला तरी फारसा खेद नसे; धांवून, भिडून तो परत मिळवावयाचा. आज स्पॅनिश म्हणून जी पद्धत ओळखली जाते, तिच्यांत चेंडू ही जपावयाची ठेव मानितात. गडी त्रिकोण साधून उभे राहतात. ज्याच्यापाशीं चेंडू असेल त्याला नेहमीं दोन वाटा मोकळ्या असतात. आखूड पास देत देत प्रतिपक्षाला जागेवरून हालवावयाचें आणि फट पडली कीं आंत शिरावयाचें. एकजण धांवून जागा मिळवितो, दुसरा वाट पाहून मिळवितो.

इंग्रजी पद्धतीला हवामानाचा आधार होता. तेथील लीगचा हंगाम भर हिवाळ्यांतहि चालतो. पूर्वीं मैदानांत चिखल होई, कातडी चेंडू भिजून जड होई, आणि आखूड पास वाटेंतच अडके. पुढें या संवयीला आंकड्यांचाहि आधार मिळाला. विमानदलांतील चार्ल्स रीप या हिशेबनिसानें १९५० पासून सामन्यांतील पासांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. १९६८ सालीं एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें दाखविलें कीं, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. लांब टोल्याच्या पुरस्कर्त्यांना हें प्रमाणच वाटलें. पण त्यांत एक खोट होती. मुळांत बहुतेक चढायाच तितक्या पासांत संपतात. जत्रेला पोंचणारांत पायीं येणारे अधिक असतील, तर त्याचें कारण निघणारेच पायीं अधिक; त्यावरून पायीं जाणें हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरत नाहीं.

आतां स्पेनकडे वळावें. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें स्पेननें रौप्यपदक मिळविलें आणि तेथें त्याच्या संघाला जें नांव पडलें, तें ‘फ्युरिया’, म्हणजे आवेश. स्पॅनिश खेळाची पहिली कीर्ति नाजूकपणाची नव्हती; अंगावर धांवून जाणाऱ्या खेळाची होती! त्याच देशांत आखूड पासाचे धडे देणारांत अग्रणी होता एक इंग्रज. फ्रेड पेंटलंड हा इंग्लंडकडून खेळलेला आघाडीचा गडी १९२२ सालीं बिल्बाओच्या क्लबाचा शिक्षक झाला. त्याच्या हाताखालीं त्या संघानें १९३० आणि १९३१ या दोन्ही वर्षीं स्पॅनिश लीग जिंकली. १९२९ सालीं माद्रिदमध्यें स्पेननें इंग्लंडला चार विरुद्ध तीन गोलांनीं हरविलें. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा झालेला तो पहिला पराभव. स्पेनमध्यें खेळाडू आपल्या शिक्षकाला आजहि ‘मिस्टर’ म्हणून हांक मारितात, तें उगाच नव्हे.

दुसरा इंग्रज गुरु विक बकिंगहॅम. ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबांत असतांना त्यानें १९६४ सालीं योहान क्रायफ या सतरा वर्षांच्या मुलाला मुख्य संघांत प्रथम उतरविलें. नंतर १९६९ ते १९७१ पर्यंत तो बार्सिलोनाचा शिक्षक होता. क्रायफ १९७३ सालीं खेळाडू म्हणून बार्सिलोनास आला, १९८८ सालीं शिक्षक म्हणून परतला, आणि त्याच्या शिकवणुकीखालीं संघानें १९९१ पासून सलग चार वेळां लीग जिंकली. त्याच संघांतील पेप ग्वार्दिओला २००८ सालीं बार्सिलोनाचा शिक्षक झाला. २०१० सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघांत या शाळेंतील खेळाडूंचा भरणा होता. पुढें २०१६ सालीं हाच ग्वार्दिओला मँचेस्टर सिटीकडे गेला. २०१७-१८ च्या हंगामांत त्या संघानें अडतीस सामन्यांत शंभर गुण मिळविले. इंग्लंडच्या वरिष्ठ लीगमध्यें तोंवर कोणीहि शंभरी गांठली नव्हती. आणि ती गांठली आखूड पासानें, त्या चिखलाच्या देशांत!

उलट उदाहरणेंहि आहेत. २०१४ सालीं अॅटलेटिको माद्रिदनें स्पॅनिश लीग जिंकली, ती भक्कम बचाव आणि कडवी झुंज यांच्या बळावर. २०१६ सालीं लेस्टरनें इंग्लंडची लीग जिंकली, तीहि चेंडू फार वेळ न राखतां, झपाट्यानें चढाई करून. देशाच्या नांवावरून खेळ ओळखूं जाणारा अशा वेळीं फसतो.

यांतून निघणारा बोध एकट्या फुटबॉलचा नाहीं. ‘आमच्या मातींत हें नाहीं’ असें एखादा समाज म्हणूं लागला कीं शिकवणाराचें काम संपतें. इंग्लंडांत आखूड पासाचे जाणकार होते. त्यांतील कित्येकांचें चीज परदेशांत झालें. मायदेशाला आपलेंच धन परक्यांच्या हातून, पुष्कळ वर्षांनीं आणि महाग दरानें परत घ्यावें लागलें. गायनाच्या घराण्याला नांव गांवाचें असतें, पण तें घराणें चालतें गुरूच्या गळ्यांतून शिष्याच्या गळ्यांत. फुटबॉलचेंहि तसेंच आहे. मातीचा वांटा त्यांत आहे. पण शिकवणाराचा आणि शिकणाराचा वांटा तिच्याहून मोठा आहे.