नवी साधने आणि जुनी कसोटी



नवे ग्रंथपाल रुजू झाले, की जुने वाचक त्यांची हळूच परीक्षा घेतात. पुस्तकाचे अर्धेच नाव सांगावयाचे, लेखकाचे आडनाव मुद्दाम विसरावयाचे आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतात की नाही, हे चष्म्याआडून पाहावयाचे. या परीक्षेचे मर्म एवढेच, की परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. आज शोधयंत्र, पॉडकास्ट आणि भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप असे तीन नवे सेवक वाचकाच्या हाती आले आहेत. त्यांनाही हीच जुनी कसोटी लावणे योग्य ठरेल.

प्रथम शोधयंत्राचा विचार करावा. शोधाची गरज नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाच्या दृष्टीने ते एक शोधयंत्रच होते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिच्यातील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. १९९० साली माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी तयार केलेले ‘आर्ची’ हे आद्य शोधयंत्र म्हणजे मुळात संचिकांच्या नावांची एक सूचीच होती. पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलची पद्धतही ग्रंथविद्येला परकी नाही. ज्या पृष्ठाकडे अनेक महत्त्वाची पृष्ठे निर्देश करतात ते पृष्ठ वर आणावयाचे, हे तिचे मूळ तत्त्व. विद्वानांच्या निबंधांतील संदर्भ मोजून निबंधाचे वजन ठरवण्याची रीत तिच्यामागे आहे.

असे असूनही मराठी वाचकाने या यंत्राची परीक्षा घेतली, तर एक उणीव चटकन ध्यानात येते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीने आलेले बरेचसे अनुस्वार लेखनातून गेले. तत्पूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असे छापलेले असते. आजचा वाचक ‘गाव’ असे टंकित करतो. साध्या यंत्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द होत. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्याहून मोठी अडचण संगणकाच्या पहिल्या पिढीतील मजकुराची आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले. परंतु छपाईच्या व्यवहारात नंतरही अनेक वर्षे निरनिराळ्या खाजगी टंकांचा वापर चालू राहिला. तो टंक नसेल, तर त्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. स्मरणिका, त्रैमासिके, व्याख्यानांचे मजकूर असे कितीतरी साहित्य संगणकावर असूनही शोधाच्या कक्षेबाहेर राहते. जुन्या ग्रंथाची नुसती छायाप्रत काढून ठेवली, तर तीही यंत्राच्या दृष्टीने केवळ चित्र असते.

अलीकडची शोधयंत्रे तर पृष्ठांची यादी देण्याऐवजी स्वतःच रचलेले उत्तर वर मांडतात. ते सफाईदार असते. खरे असतेच असे नाही. हाती असलेल्या एखाद्या जुन्या पुस्तकाचा प्रकाशक आणि प्रकाशनवर्ष त्यास विचारावे. उत्तर मुखपृष्ठामागील पानाशी ताडून पाहावे. दोनचार वेळा असे केले, की कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे कपाट उघडावे, हे वाचकास आपोआप कळू लागते. ज्याची दोनही वेळा उत्तम भेट घडते, असेही उदाहरण आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर शब्दवार शोधता येतील असे उपलब्ध केले आहेत. कोणी तरी परिश्रमपूर्वक अक्षर अन् अक्षर उतरवले, म्हणूनच ते सापडतात.

आता पॉडकास्टकडे वळावे. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन शब्दांच्या सांध्यातून बनलेला हा शब्द २००४ साली ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रातील लेखात प्रथम आला. नभोवाणीवरील भाषणाची वेळ चुकली, की ते हुकत असे. पॉडकास्ट श्रोत्याच्या सवडीने ऐकता येतो. ज्या समाजाने कीर्तन आणि पुराण श्रवणानेच आत्मसात केले, त्याला हे साधन सहज रुचेल. दृष्टी मंदावलेल्या वाचकाला तर ते वरदान आहे. त्याची घडण मात्र समजून घ्यावी. ध्वनिमुद्रण एका ठिकाणी असते आणि त्याची नोंद ‘फीड’ नावाच्या खुल्या यादीत असते. ही यादी कोणत्याही अ‍ॅपला वाचता येते. २०१८ साली सुरू झालेले गूगलचे पॉडकास्ट अ‍ॅप २०२४ साली बंद झाले, तरी खुल्या यादीतले कार्यक्रम बुडाले नाहीत. श्रोते आपली यादी घेऊन दुसऱ्या अ‍ॅपकडे गेले. जे साहित्य एकाच अ‍ॅपच्या कुलपात असते, त्याची गत निराळी. दुकान मिटले, की पुस्तकही मिटले. म्हणून कोणतेही अ‍ॅप स्वीकारताना एक प्रश्न अवश्य विचारावा : हे उद्या बंद पडले, तर आपला संग्रह बाहेर काढता येईल काय?

बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. परदेशी पद्धत घेताना संकोच नव्हता आणि पेटीतील ग्रंथ स्थानिक वाचकाच्या भाषेतलेच असावेत, याचा विसरही नव्हता. नव्या साधनांकडे पाहण्याची हीच दृष्टी बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांना उपकारक ठरेल.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद वा गोवा येथील मराठी बोलीची लकब छापील पुस्तकात क्वचितच उतरते. गूगलने २०१७ साली मराठी श्रुतलेखनाची सोय केली. ती या लकबीला कितपत पेलते, हे वृद्ध सभासदांना बोलते करून पाहता येईल. साध्या भ्रमणध्वनीवर अशा आठवणी मुद्रित कराव्यात. प्रत्येक मुद्रणासोबत बोलणाऱ्याचे नाव, दिनांक आणि विषय युनिकोडमध्ये लिहून ठेवावा. ही नोंद नसेल, तर मुद्रण असून नसल्यासारखे. जुन्या ग्रंथांच्या नोंदीत मूळ लेखन आणि प्रचलित लेखन अशी दोन्ही रूपे द्यावीत. संग्रहाच्या प्रती दोन निराळ्या ठिकाणी राखाव्यात आणि कागदी दाखल नोंदवही जतन करावी.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उद्याचा तरुण वाचक कपाटाआधी शोधयंत्राकडे जाणार आहे आणि त्याला तेथे जे सापडणार नाही, ते अस्तित्वातच नाही असे तो मानणार आहे. शंभर वर्षे पदरमोड करून, वर्गणी गोळा करून जमवलेले हे ग्रंथधन त्याच्या लेखी नाहीसे होऊ नये, ही जबाबदारी कोणतीही दूरची कंपनी घेणार नाही. ती ज्यांच्या कपाटात ग्रंथ आहेत त्यांचीच आहे. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाने या कार्याचा आरंभ एका कपाटापासून केला, तरी तो शुभारंभच ठरेल.