गुरुवार, दुपारी साडेतीन



मी प्रवासवर्णन सांगायला उभी नाही. अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयरिस इथे जाणं झालं, तेव्हा तिथल्या प्लाझा दे मायो या चौकात मी एक गुरुवार काढला. त्या चौकाकडून आपल्या कामासाठी काय घेता येईल, एवढंच बोलणार आहे.

चौकाच्या मधोमध १८११ साली उभारलेला पांढरा मनोरा आहे, त्याला तिथे पिरॅमिड म्हणतात. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांची गुलाबी कचेरी, जवळच मोठं चर्च आणि राष्ट्रीय बँक. म्हणजे सत्ता, धर्म आणि पैसा, तिघेही चौकाकडे तोंड करून बसलेले. आणि पिरॅमिडभोवती फरशीवर रंगवलेत बायकांच्या डोक्याचे पांढरे रुमाल.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने तिथे सत्ता बळकावली. विद्यार्थी, कामगार, कार्यकर्ते घरांतून, रस्त्यांतून उचलले जाऊ लागले. त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. लोकशाही परतल्यावर चौकशी आयोगाने १९८४ साली जवळजवळ नऊ हजार प्रकरणं नोंदवली. मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात.

आया पोलीस ठाण्यांत, मंत्रालयात, चर्चमध्ये खेटे घालत होत्या. नोंद नाही, माहीत नाही, हेच उत्तर प्रत्येकीला मिळे. त्या रांगांत एकमेकींची ओळख झाली. असुसेना विलाफ्लोर यांनी सुचवलं, एकेकटीने फिरण्यात अर्थ नाही, सगळ्या मिळून चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदाजणी जमल्या. तो शनिवार होता, चौकात माणूस नव्हतं. मग वार बदलत गुरुवार ठरला, वेळ दुपारी साडेतीन.

जमाव करायला बंदी होती. पोलीस म्हणाले, इथे थांबायचं नाही, चालत राहा. तेव्हा त्या दोघीदोघी हातात हात घालून पिरॅमिडभोवती चालू लागल्या. जमावबंदीचा हुकूम आपल्यालाही नवा नाही. त्यांनी हुकूम पाळला आणि त्याचाच मोर्चा केला! रुमालाचंही तसंच. ऑक्टोबर १९७७ मध्ये एका यात्रेच्या गर्दीत एकमेकींना ओळखू यावं म्हणून त्यांनी बाळाचे पांढरे लंगोट डोक्याला बांधले.

किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९७७ मध्ये असुसेना आणि आणखी दोन आयांना पळवून ठार मारण्यात आलं. असुसेनांचे अवशेष २००५ साली ओळखले गेले आणि त्यांची रक्षा त्याच पिरॅमिडच्या पायथ्याशी ठेवली गेली. बाकीच्या मात्र पुढच्या गुरुवारी पुन्हा चौकात आल्या होत्या. कैदेत जन्मलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्यांची वेगळी संघटना त्याच वर्षी उभी राहिली. रक्ताच्या नात्याची वैज्ञानिक तपासणी त्यांनी घडवून आणली, आणि जुलै २०२५ पर्यंत १४० जणांचा छडा लागला.

आता आपल्याला टोचणारा प्रश्न. 'आई' या प्रतिमेचा आधार घ्यावा का? बाईला आईपणातच कोंडणाऱ्या समाजाशी आपण भांडतो. मलाही तिथे हा प्रश्न पडला. पण या बायकांनी आईपण घराबाहेर काढलं. माझा मुलगा कुठे आहे, इथून सुरुवात करून त्या 'आमची सगळ्यांची मुलं' इथवर आल्या. त्यांच्यातही मतभेद झाले, १९८६ साली दोन गट पडले. तरी दोन्ही गटांनी गुरुवार सोडला नाही. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या तरुण मुलींनी तोच रुमाल हिरव्या रंगात घेतला, आणि ३० डिसेंबर २०२० रोजी तिथे कायदा मंजूर झाला. आईच्या रुमालातून आई न होण्याचा हक्कही निघाला.

मी पाहिलं तेव्हा थकलेल्या, मोजक्याच आया होत्या. सोबत तरुण माणसं चालत होती. भाषणापेक्षा चालणंच जास्त.

आपल्या केंद्रात येणारी बाई पोटगीसाठी, हरवलेल्या मुलीच्या तपासासाठी एकटीच खेटे घालते. तारीख पडते, साहेब जागेवर नसतात, आणि तिला वाटतं आपलंच नशीब खोटं. आपण तिला अर्ज लिहून देतो, समुपदेशन करतो. ते हवंच. पण तिच्यासारख्याच दहाजणी त्याच कचेरीच्या पायऱ्या झिजवताहेत, हे तिला कोण दाखवणार? मोठा मोर्चा वर्षातून एकदा निघतो, दुसऱ्या दिवशी कचेरी तो विसरते. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी दारात उभ्या राहणाऱ्या दहा बायका विसरता येत नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपापल्या तालुक्यात एक कचेरी निवडूया, एक वार आणि एक वेळ ठरवूया. कोणता वार जमेल, मजुरी बुडू नये म्हणून काय करायचं, यावर आता तुम्ही बोला.